सहावी ते आठवीचा क्लास काढायचाय? आधी आठवडा कागदावर मांडा

कालच्या व्हिडिओत घरगुती शिकवणीच्या व्यवसायाबद्दल बोललो. पण आठवड्याचं वेळापत्रक आणि गृहपाठाचा हिशोब व्हिडिओत घाईघाईत झाला. म्हणून तो इथे निवांत लिहितोय. वही-पेन घेऊन वाचा.

उदाहरणाला गाव घेऊ मांजरसुंबा. धुळे-सोलापूर महामार्गावर, बीडपासून साधारण वीस किलोमीटर. इथूनच एक रस्ता लिंबागणेश, पाटोद्याकडे जातो आणि दुसरा नेकनूर, केजकडे. चौकात ढाबे, चहाच्या टपऱ्या, टायरवाले, गॅरेज. आजूबाजूच्या खेड्यांत शेती, आणि दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारी कुटुंबं. अशा ठिकाणी डी.एड., बी.एस्सी. झालेली बरीच मुलं-मुली घरी बसून आहेत. भांडवल फार लागत नाही, म्हणून क्लास काढावासा वाटतो. चांगलंच आहे. पण बहुतेकांची चूक एकाच जागी होते.

चूक कुठे होते?

मी स्वतः पहिला क्लास काढला तेव्हा रोज दोन विषयांचा गृहपाठ द्यायचो. पालक खूश! महिनाभरात वह्यांचा ढीग साचला. मी नुसती सही मारू लागलो. एका आईने वही उघडून दाखवली. चुकलेल्या गणितावर माझी सही होती. पुढच्या महिन्यात सहा मुलं गेली. शिकवणं वाईट नव्हतं हो, तपासणं झेपलं नव्हतं.

आता हिशोब करा. समजा सहावी, सातवी, आठवी मिळून २४ मुलं आहेत. रोज २ विषय, आठवड्याचे ५ दिवस, म्हणजे २४० वह्या. एका वहीला ३ मिनिटं धरली तर ७२० मिनिटं, म्हणजे १२ तास. रोज २ तास असे सहा दिवस शिकवलं तर शिकवण्याचे तासही १२च होतात. म्हणजे जेवढं शिकवता तेवढंच तपासायचं, आणि त्याची फी कोणी वेगळी देत नाही.

पैशात बघू (आकडे फक्त उदाहरणाचे, तुमच्या गावचे तुम्ही टाका)

- फी: २४ मुलं × ४०० रुपये = ९,६०० रुपये
- खोली, लाईट, झेरॉक्स, खडू-फळा: २,४०० रुपये
- हातात: ७,२०० रुपये

शिकवणं १२ तास, तयारी साडेतीन तास, तपासणं १२ तास. आठवड्याला साडेसत्तावीस आणि महिन्याला ११० तास. म्हणजे तासाला साधारण ६५ रुपये पडले. तपासणं अडीच तासांवर आणलं तर महिन्याचे ७२ तास होतात आणि तासाला १०० रुपये पडतात. फी एक रुपयाने न वाढवता! म्हणून नियम एकच: जेवढं नीट तपासता येईल तेवढाच गृहपाठ द्यायचा.

एक खोली, तीन इयत्ता

१२० मिनिटांचे ४०-४० चे तीन भाग करा. एका इयत्तेला तुम्ही शिकवताय तेव्हा बाकीच्या दोन इयत्ता ठरलेलं काम करतात. द्विशिक्षकी शाळेत हेच चालतं. पण त्यासाठी प्रत्येक इयत्तेचं त्या दिवसाचं काम तुम्ही येण्याआधी फळ्यावर लिहिलेलं हवं. नाहीतर ८० मिनिटं नुसता गोंगाट.

आठवडा असा मांडा

*सोमवार, गणित:* नवीन घटक. गृहपाठ फक्त ५ गणितं. तीन सोपी, एक मध्यम, एक डोकं खाजवायला लावणारं.

*मंगळवार, विज्ञान:* एक आकृती, दोन प्रश्न. उत्तर पाठ करून नाही, स्वतःच्या शब्दांत. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत तोंडी विचारा. वही तपासायची नाही.

*बुधवार, गणिताचा सराव:* सोमवारच्या वह्या गोळा करा. ही पहिली तपासणी. नुसती बरोबर-चूक खूण नको, चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली तिथे गोल करा.

*गुरुवार, इंग्रजी:* १० शब्द, त्यातल्या ५ शब्दांची वाक्यं.

*शुक्रवार, मराठी-हिंदी:* मोठ्याने वाचन. गृहपाठ नाही. इंग्रजीच्या वह्या गोळा करा. ही दुसरी तपासणी.

*शनिवार, चाचणी:* २० गुण, ३० मिनिटं, एका शब्दाची किंवा एका ओळीची उत्तरं. पेपर अदलाबदल करून तिथेच तपासायचे. उरलेल्या वेळात बुद्धिमत्तेचे प्रश्न.

*रविवार:* क्लासला सुट्टी, पण एक बाजाराचं काम. ते खाली सांगतो.

हिशोब जुळतो का बघा: २४ × २ = ४८ वह्या × ३ मिनिटं = १४४ मिनिटं, म्हणजे अडीच तासांच्या आत.

बाजाराचं काम: तुमच्या क्लासची ओळख

बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत व्यवहार भरपूर आहे. सहावीला शेकडेमान आणि नफा-तोटा, सातवीला समप्रमाण-व्यस्तप्रमाण, आठवीला सूट व कमिशन आणि चक्रवाढ व्याज. ही पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. गाईड घ्यायला लावू नका.

- सहावी: ओळखीच्या चहावाल्याला दूध, साखर, पत्ती, गॅसचा एका दिवसाचा खर्च आणि विक्री विचारायची. नफा किती, शेकडा किती?
- सातवी: ४ टन ऊस तोडला तर इतके रुपये, ६ टनाला किती? ८ मजुरांना एका कामाला ६ दिवस लागले, तर १२ मजुरांना किती? (उत्तर ४. का ते मुलाने घरी समजावून सांगायचं.)
- आठवी: ८०० रुपयांच्या साडीवर १० टक्के सूट, म्हणजे ७२० रुपये. मग घरातली आडतीची जुनी पट्टी काढायची. हमाली, तोलाई, बाकीची कपात वजा जाऊन हातात किती आले?

एक गोष्ट सांगून ठेवतो. मुलांना महामार्ग ओलांडून माहिती आणायला पाठवू नका. घरचं किंवा आपल्या बाजूचं दुकान पुरे.

या कामाचा फायदा असा की रविवारी मूल बापाला पट्टीवरचे प्रश्न विचारतं. क्लासमध्ये काय चाललंय ते घराला कळतं. पत्रकं वाटण्यापेक्षा हे जास्त लोकांपर्यंत पोचतं.

ऊसतोडीला गेलेल्या मुलांचं काय?

आपल्या भागात हा प्रश्न टाळून क्लास चालत नाही. दिवाळीनंतर काही मुलं आई-वडिलांबरोबर कारखान्यावर जातात. काही आजी-आजोबांकडे किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहतात. परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो.

तीन गोष्टी करा:

१. दिवाळीआधीच अपूर्णांक, शेकडेमान, इंग्रजी वाचन असा पाया पक्का करून घ्या.

२. जाणाऱ्या मुलासाठी दर आठवड्याला एकच पान: ५ गणितं, १० शब्द, एक प्रश्न. मोबाईलवर फोटो पाठवा. सोडवलेलं पान आलं तर तपासा, नाही आलं तर रागावू नका. फडावर रात्री लाईट असतेच असं नाही.

३. परत आल्यावर पहिला आठवडा नवीन काही नाही, फक्त राहिलेली पानं.

आणि फी? जे महिने मूल नाही त्याची फी घेऊ नका. मुकादमाची उचल हातात आली की वर्षाची फी एकदम मागायचा मोह होतो. तसं करू नका. उचल ही कमाई नाही, फेडायची रक्कम आहे. त्या घराने महिन्याला दिलेले ४०० रुपये परवडतात, पण उचलीतून काढलेले ४,८०० रुपये पुढच्या हंगामावर चढतात.

आठवीच्या पालकांना काय सांगाल?

भीती विकू नका, माहिती द्या. एनएमएमएस परीक्षा आठवीत असते. बौद्धिक क्षमतेचे ९० आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतलं मूल आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, ही मुख्य अट. सातवीत किमान ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना सवलत आहे. म्हणून तयारी सातवीच्या शनिवारपासूनच.

कागदपत्रं थोडक्यात

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ प्रमाणे शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. नोकरीत असाल तर हा व्यवसाय तुमचा नाही. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ५० पेक्षा जास्त मुलांना शिकवणाऱ्या केंद्राला कोचिंग सेंटर म्हटलंय, आणि तिथे १६ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. म्हणून २४ चे ६० करायच्या आधी नियम विचारून घ्या. उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.

आता तुमचा गृहपाठ

१. शेजारच्या तीन मुलांच्या वह्या मागा आणि घड्याळ लावून तपासा. एका वहीला किती मिनिटं लागली?

२. तुमचे आकडे टाकून वरचा हिशोब करा. तासाला किती पडतात?

३. सोमवार ते रविवार एका पानावर लिहा आणि पाच आयांना दाखवा. "यातलं तुम्हाला काय हवं?" एवढंच विचारा आणि गप्प बसून ऐका.

तिन्ही झालं की मगच खोली बघा. खोलीचं भाडं पहिल्या तारखेपासून चालू होतं, मुलं हळूहळू येतात.

तुमचा तासाचा आकडा व्हिडिओखाली नक्की लिहा. ५० च्या खाली येत असेल तर लाजू नका, आपण मिळून दुरुस्त करू. भेटू पुढच्या भागात!