सांठ्याच्या हिशेबांतील मापें

शेतकऱ्यांच्या सोसायट्यांत, उत्पादक कंपन्यांत आणि कित्येक बागाइतदारांच्या घरींही आतां खतावणी व सांठावही संगणकावर लिहिली जाते. हा बदल इष्टच आहे. संगणक बेरजेंत चुकत नाहीं, आणि वर्षअखेर तेरीज जमविण्यासाठीं रात्री जागवाव्या लागत नाहींत. परंतु बेरीज बरोबर आली म्हणजे हिशेब बरोबर झाला असें नव्हे. कारकुनानें ‘५०’ हा आंकडा लिहिला, तर तो पन्नास पोत्यांचा, पन्नास किलोंचा कीं पन्नास क्विंटलांचा, हें सॉफ्टवेअरला आपण होऊन कळत नाहीं. जें एकक त्याला शिकविलें असेल त्याच एककांत तें प्रत्येक आंकडा वाचतें. आणि शिकवणूक चुकीची असेल तर तीच चूक प्रत्येक पावतींत बिनबोभाट करीत राहतें. हीं एककें कशीं ठरवावीं, पोत्याचा किलोशीं व लिटराचा वजनाशीं मेळ कसा घालावा, आणि कोणत्या ठिकाणीं असा मेळ घालण्याचा प्रयत्नच करूं नये, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

मापांचा घोळ आपणांस नवा नाहीं. पायली व अधोली हीं मुळांत भरून मोजण्याचीं मापें. मण आणि खंडी यांचा अर्थ प्रांतागणिक, किंबहुना मालागणिक निराळा. मुंबईचा मण २८ इंग्रजी रत्तलांचा, तर बंगाली मण ४० शेरांचा, म्हणजे आजच्या सुमारें ३७.३२ किलोंचा. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें ठरलीं, तीं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें अमलांत आलीं, आणि सध्यां २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा लागू आहे. तरीही जुनीं नांवें बाजारांतून गेलेलीं नाहींत. रुईचा भाव आजही खंडीवर बोलला जातो. ही खंडी ७८४ रत्तलांची, म्हणजे मुंबईच्या अठ्ठावीस मणांची. किलोंत ती ३५५.६२ भरते. जिनांतून दाबून निघणारी गांठ मात्र १७० किलोंची धरतात. म्हणजे एका खंडींत दोन गांठी होऊन वर साडेपंधरा किलोंहून अधिक रुई उरते. खंडी म्हणजे दोन गांठी असा ठोकळ हिशेब ज्यानें मनांत धरला, तो शंभर खंड्यांमागें नऊ गांठींचा माल विसरतो.

मूळ एकक कोणतें असावें

सॉफ्टवेअरांत प्रत्येक वस्तूस एक मूळ एकक द्यावें लागतें. सांठा, भाव व शिल्लक हीं सर्व त्याच एककांत राहतात. दुसरें एकक हवें असल्यास तें पर्यायी म्हणून जोडतां येतें, व दोहोंचें प्रमाण सांगावें लागतें. मूळ एकक कोणतें असावें याविषयीं कार्यकारी मंडळांच्या बैठकींत पुष्कळ वाद होतात. आमच्या मतें कसोटी साधी आहे. माल ज्या मापानें दुकानाच्या हातून सुटतो, तेंच त्याचें मूळ एकक समजावें. सरकी पेंड पोत्यानें येते, पण गिऱ्हाइकाला पांच-दहा किलो सुटी द्यावी लागते. तिचें मूळ एकक किलो. रासायनिक खताचें पोतें शिवलेलें येतें व शिवलेलेंच जातें. त्याचें मूळ एकक पोतें. बियाण्याची पिशवी व औषधाची बाटली यांसही हाच न्याय.

खताच्या बाबतींत किलो हेंच एकक धरण्याचा मोह पुष्कळांस होतो, कारण तें अधिक शास्त्रशुद्ध दिसतें. परंतु तसें केल्यानें भावांत अपूर्णांक शिरतो. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्याची किंमत २६६ रुपये ५० पैसे धरली, तर किलोचा भाव ५.९२२२ असा न संपणारा येतो. सॉफ्टवेअरांत भाव दोनच दशांश स्थळांपर्यंत ठेवला असेल, तर ५.९२ गुणिले ४५ म्हणजे २६६ रुपये ४० पैसे होतात. पोत्यामागें दहा पैसे कमी. हजार पोत्यांस शंभर रुपये. रक्कम क्षुल्लक खरी, पण ती कोठें गेली हें शोधण्यांत कारकुनाचा व हिशेबतपासनिसाचा मिळून एक दिवस जातो, आणि त्या दिवसाची किंमत शंभर रुपयांहून अधिक असते.

पोतें हें एकक नव्हे

आतां ज्या ठिकाणीं खरें नुकसान होतें तेथें येऊं. किलो हें वजन आहे, लिटर हें आकारमान आहे. पोतें हें दोहोंपैकीं एकही नसून केवळ बांधणीचें नांव आहे. युरियाचें पोतें पूर्वीं ५० किलोंचें असे; १ मार्च २०१८ पासून तें ४५ किलोंचें झालें. डी.ए.पी. ५० किलोंच्याच पोत्यांत राहिलें. २०२४ सालीं गंधकलेपित युरियासाठीं ४० किलोंची बांधणी ठरविण्यांत आली. म्हणजे एकाच गोदामांत, एकाच थप्पीशेजारीं, तीन वजनांचीं पोतीं उभीं राहूं शकतात, आणि तिघांचें नांव ‘पोतें’ हेंच.

टॅलीसारख्या प्रचलित सॉफ्टवेअरांत दोन एककांचा संबंध दोन प्रकारें सांगतां येतो, व या दोन प्रकारांतील भेद नीट ध्यानीं घ्यावा. पहिला प्रकार संयुक्त एककाचा. एकदां ‘१ पोतें = ५० किलो’ असें सांगितलें, कीं तें एकक ज्या ज्या वस्तूस लावावें तिला तेंच प्रमाण लागतें. दुसरा प्रकार पर्यायी एककाचा. येथें प्रमाण त्या एका वस्तूपुरतें राहतें. क्विंटलाचे १०० किलो, टनाचे १० क्विंटल, डझनाचे १२ नग, हीं प्रमाणें कोणत्याही मालाला व कोणत्याही सालीं तींच असतात; त्यांस पहिला प्रकार चालतो. पोतें, कट्टा, गोणी, पेटी, डबा, क्रेट यांस दुसराच प्रकार लावावा. सॉफ्टवेअर बसवून देणारा गृहस्थ बहुधा शहरांतील किराणा दुकानांचा अनुभव घेऊन आलेला असतो. तो घाईनें पहिला प्रकार लावून जातो, व मंडळाचे सभासद पडद्यावर सुबक आंकडे पाहून समाधान मानतात.

याचा परिणाम काय होतो तें पाहावें. युरियाचीं १०० पोतीं आलीं. प्रत्यक्ष वजन ४,५०० किलो. जुन्या प्रमाणानें सांठावही ५,००० किलो दाखविते. जो ५०० किलो युरिया जगांत कोठेंच नाहीं, तो वहींत शिल्लक पडतो. पोत्यांच्या भाषेंत अकरा पोतीं व पांच किलो. आषाढांत पाऊस उघडतो, भाताला वरखताची वेळ येते, चिटणीस वहींत पाहून सभासदांस ‘या, माल आहे’ असें सांगतो, आणि गोदामांत माल नसतो. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशान्वये विक्रेत्यानें खताचा सांठा व भाव फलकावर लावणें आणि नोंदवह्या ठेवणें बंधनकारक आहे. शिवाय अनुदानित खताची विक्री ज्या यंत्रावर अंगठा घेऊन नोंदली जाते, तें यंत्र आपला सांठा निराळाच मोजीत असतें. फलक, यंत्र आणि वही यांचे तीन आंकडे जुळले नाहींत, कीं खत निरीक्षकास खुलासा द्यावा लागतो. त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, तूट दिसतांच पहिला संशय गोदामाच्या रखवालदारावर जातो. वीस वर्षें इमानें चाकरी केलेल्या मनुष्याची अब्रू एका चुकीच्या गुणकापायीं जावी, हें कोणत्याही सोसायटीस भूषणावह नाहीं.

बांधणी बदलली कीं नवी वस्तू उघडावी, हा याला एकच उपाय. ‘युरिया ५०’ आणि ‘युरिया ४५’ अशा दोन वस्तू असाव्यात. जुनीं ६० व नवीं ४० पोतीं मिळून शंभर पोतीं झालीं हें म्हणणें खोटें नाहीं, पण निरुपयोगी आहे. त्यांचें वजन ४,८०० किलो, आणि एकरीं मात्रा काढणाऱ्या शेतकऱ्याला हवें असतें तें वजनच. (मात्रेच्या शिफारशी सहसा हेक्टरीं छापतात आणि आपण एकरांत पेरतों, हेक्टराचे २.४७ एकर होतात, हेंही येथें सहज ध्यानीं ठेवावें.)

दशांशाचा फसवा ठिपका

महिनाअखेर प्रत्यक्ष मोजदाद करतांना गोदामांत ‘४२ पोतीं व १७ किलो’ सरकी पेंड निघाली, असें समजा. पोतें ५० किलोंचें. मोजणारा कागदावर ४२.१७ असें लिहितो, आणि कारकून तोच आंकडा पोत्यांच्या रकान्यांत घालतो. सॉफ्टवेअर त्याचा अर्थ बेचाळीस पोतीं व एका पोत्याचा शंभरांतील सतरावा हिस्सा असा करतें, म्हणजे २,१०८.५ किलो. खरें वजन २,११७ किलो. साडेआठ किलो पेंड कागदावरच नाहींशी झाली. आपले वाडवडील मण व शेर निराळ्या रकान्यांत लिहीत, रुपये-आणे-पै निराळे मांडीत. त्यांच्याकडून अशी गफलत होणें कठीण होतें. १९५७ सालीं नाणें दशमान झालें व ठिपका सर्वांच्या हातीं रुळला, परंतु पोत्याचे शंभर भाग कोणीं केलेले नाहींत. मोजदादीच्या कागदावर पूर्ण पोतीं व सुटे किलो असे दोन रकाने छापून घ्यावेत आणि ठिपक्यास मनाई करावी.

द्रव पदार्थांत निराळीच अडचण येते. किलो आणि लिटर हीं पाण्यापुरतींच जवळपास सारखीं. खाद्यतेल पाण्याहून हलकें, दूध किंचित् जड. शेंगदाणा तेलाच्या लिटराचें वजन सुमारें ९१० ग्रॅम. बाजारांत १५ किलोंचा डबा मिळतो व १५ लिटरांचाही मिळतो. पहिल्यांत सुमारें साडेसोळा लिटर तेल असतें, दुसऱ्यांत सुमारें १३.६५ किलो. दोन्ही डबे दिसण्यांत सारखे, आणि ‘पंधराचा डबा’ हें नांवही एकच. घाण्यावाल्या सभासदानें किलोंत दिलेलें तेल दुकानानें लिटरानें विकलें, तर नफातोट्याच्या पत्रकांत जो नफा दिसतो त्यांतील कांहीं भाग केवळ मापाचा असतो. दुधाचें याच्या उलट. लिटराला सुमारें १.०३ किलो या हिशेबानें हजार लिटर संकलन टँकरच्या कांट्यावर १,०३० किलो उतरतें. संकलन लिटरांत व रवानगी किलोंत लिहिणाऱ्या संस्थेच्या वहींत रोज तीस किलो दूध आकाशांतून पडतें. येथें पर्यायी एकक देऊन चालतें, पण गुणक प्रत्यक्ष घनता मोजून ठरवावा.

जें माप स्थिरच नाहीं

आतांपर्यंतच्या उदाहरणांत गुणक एकदां नीट ठरविला कीं काम भागतें. परंतु शेतमालाचा मोठा भाग असा आहे कीं त्याला स्थिर गुणक नसतो, आणि तो बळेंच लावणें ही आमच्या मतें सर्वांत घातक संवय आहे. चाळींत २०० गोणी कांदा ठेवला. ठेवतांना कांट्यावर १०,४०० किलो भरला, म्हणजे गोणीस ५२ किलो. चार महिन्यांनीं निवडून तोलला तेव्हां ८,७०० किलो उरला. कारकून वही जमविण्यासाठीं गोणीचें प्रमाण ५२ ऐवजीं ४३.५ करून टाकतो, आणि दोन्ही बाजू तात्पुरत्या जुळतात. परंतु अशानें १,७०० किलोंची घट सुकण्यानें झाली, सडण्यानें झाली कीं रात्रीं ट्रकांत भरून गेली, हें विचारण्याची जागाच वहींत उरत नाहीं. शिवाय कांहीं सॉफ्टवेअरांत प्रमाण बदललें कीं जुन्या नोंदींचीं पत्रकेंही नव्या प्रमाणानें दिसूं लागतात. प्रमाणाला हात न लावतां ‘घट’ म्हणून निराळी नोंद करावी; तारीख, वजन, कारण व तोलणाऱ्याची सही तींत असावी.

ओलाव्याचें असेंच आहे. १५ टक्के ओलाव्याचें १०० क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांवर वाळविलें, तर तें ९६.५९ क्विंटल उरतें. कोरडा दाणा पूर्वींही ८५ क्विंटल होता व नंतरही तेवढाच आहे. ही साडेतीन क्विंटलांजवळची तूट चोरी नव्हे, आणि ती अगोदरच मांडून ठेवली तर कोणी चोरी म्हणणारही नाहीं. बारदानाचेंही ध्यान ठेवावें: एका बारदानाचें वजन ६०० ग्रॅम धरलें तरी शंभर पोत्यांत ६० किलो ताग होतो. आवक-नोंदींत ढोबळ व निव्वळ वजन हे दोन रकाने असावेत, आणि सांठ्यांत निव्वळच जावें. केळीचे घड, आंब्याच्या पेट्या, द्राक्षांचे क्रेट यांत नग आणि वजन दोन्ही प्रत्येक पावतीवर प्रत्यक्ष लिहावें; एकावरून दुसरें काढूं नये.

भावाबद्दल थोडें. भाव कोणत्या एककाचा हें पावतीवर छापलेलें असलें पाहिजे. तुरीचे १,२०० किलो लिहून भाव क्विंटलाचा ७,००० घातला, तर ८४ हजारांचे ८४ लाख होतात. इतकी मोठी चूक लगेच दिसते म्हणून ती फारशी भयंकर नाहीं. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तु व सेवा कराच्या बिलावर मालाचें परिमाण व त्याचें एकक दाखवावें लागतें, आणि सरकारनें त्या एककांचीं ठराविक संक्षिप्त रूपें दिलेलीं आहेत. ‘कट्टा’ किंवा ‘गोणी’ त्यांत न सांपडल्यास ‘पोतें’ वा ‘किलो’ यांपैकीं योग्य तें जोडून घ्यावें.

चुकीचें मूळ एकक घेऊन वही चालूच झाली असेल तर काय करावें, असें बरेच सभासद विचारतात. एकदां व्यवहार नोंदले गेले कीं मूळ एकक बदलूं देणें सॉफ्टवेअर सहसा नाकारतें, आणि तें योग्यच आहे. अशा वेळीं एक तारीख ठरवावी. शक्यतों १ एप्रिल, नाहीं तर ज्या दिवशीं गोदामांत माल सर्वांत कमी असेल तो दिवस. त्या सायंकाळीं दोन सभासदांसमक्ष सर्व माल तोलावा. बरोबर एककाची नवी वस्तू उघडावी, जुन्या वस्तूंतील शिल्लक सांठा-वर्गाच्या नोंदीनें नवींत न्यावी, फरक पडल्यास तो निराळा दाखवावा, आणि जुनी वस्तू शून्यावर आणून तशीच ठेवावी, पुसूं नये. तोलाचा कागद सह्यांसह त्या नोंदीस जोडावा. नंतर नव्या वस्तूंत एक पोतें खरेदी व एक किलो विक्री अशी लटकी नोंद करून पाहावी, शिल्लक अपेक्षेप्रमाणें येते कीं नाहीं तें तपासावें, आणि ती लटकी नोंद काढून टाकून मगच दुसऱ्या दिवशीं दुकान उघडावें.