हात धुऊन आत जा

औरंगपुरा,
छत्रपती संभाजीनगर

चि. सौ. राणीस,


काल रात्री फोनवर तू म्हणालीस, "मावशी, तिला पाहून मला काहीच वाटलं नाही गं. दुसऱ्या कुणाचं तरी बाळ बघतेय असं वाटलं." तेवढ्यात कुणीतरी आलं आणि तू फोन ठेवलास. पुन्हा फोन केला तर आपण दोघी नुसत्या रडू, म्हणून डब्याच्या पिशवीत हे पत्र घालते आहे. आधी जेव, मग वाच.

तुझ्यात काही कमी नाही. एकतिसाव्या आठवड्यात घाईघाईनं सिझेरियन झालं. तू भुलीतून बाहेर येईस्तोवर पोर वरच्या मजल्यावर गेलेली. परवा तुला व्हीलचेअरवरून नेलं, तेव्हा दिसलं काय? नाकात नळी, पावलाला लाल दिव्याची पट्टी, निळ्या उजेडात डोळे झाकलेला १३०० ग्रॅमचा जीव. त्यात आपलं म्हणून ओळखायचं तरी काय? बाळ दिसताच आईला पान्हा फुटतो, हे सिनेमात. मी २८ वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात काढली. तिथे पाहिलं ते असं, की पुष्कळ आयांना हात आधी पुढे करावा लागतो. माया मागाहून येते.

आपल्या चौकातल्या महात्मा फुल्यांच्या पुतळ्यावरून तू शाळेला जायचीस. त्या जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे जन्मलेल्या यशवंताला सावित्रीबाईंनी पोटाशी धरलं, वाढवलं, डॉक्टर केलं. त्यांनी कुठे नऊ महिने वाहिलं होतं? उचलून घेतलं, म्हणून आई झाल्या.

एक कबुलीही देते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला आम्ही आयांना दारातूनच परत पाठवायचो. जंतुसंसर्गाची भीती, आणि नियमच तसा. दूध द्या, काचेतून बघा, जा. एक बाई महिनाभर रोज वाटीत दूध काढून द्यायची. घरी न्यायच्या दिवशी मी बाळ तिच्या हातात ठेवलं, तर ती म्हणाली, "सिस्टर, हे माझंच ना?" मी तेव्हा हसले होते. आज लाज वाटते.

पुढे आम्ही शिकलो. कोलंबियात, बोगोटाच्या एका सरकारी रुग्णालयात इनक्युबेटर कमी आणि बाळं जास्त. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन. १९७८च्या सुमारास डॉक्टर एडगर रे यांनी तिथे कमी वजनाची बाळं थेट आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच ही कांगारू केअर. टंचाईतून काढलेली तोड होती, पण पुढे तीच उत्तम उपचार ठरली. आता एक आकडा सांगते. घाबरू नकोस, तो तुझ्या बाजूचा आहे. २०२१ साली पाच देशांतल्या रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिल्लीचं सफदरजंग त्यात होतं. एक किलो ते एक किलो आठशेच्या आतली बाळं. जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलेल्यांपैकी पहिल्या २८ दिवसांत शंभरात १२ दगावली. तब्येत स्थिर होईपर्यंत वेगळी ठेवलेल्यांत जवळपास १६. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की अशा बाळांना दिवसाचे ८ ते २४ तास असं धरावं. तू तिथे पाहुणी नाहीस, राणी. तू औषध आहेस.

आता काय करायचं ते. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धू आणि चोळून गरम कर. एक तळहात तिच्या डोक्याशी, दुसरा पावलांशी, नुसता टेकवून ठेव. कुरवाळू नकोस, इतक्या लवकर आलेल्या बाळाला बोटं फिरवलेली सोसत नाहीत, स्थिर हाताचा भार आवडतो. तिनं बोटं ताठ फाकवली, उचकी लागली, रंग बदलला, तर ती "आता पुरे" म्हणते आहे. हात लगेच झटकून घेऊ नकोस, हळूच सोडव. तिची ही भाषा तुला आठवड्याभरात मॉनिटरपेक्षा आधी कळायला लागेल. आणि हळू आवाजात बोल. काय बोलायचं सुचत नसेल तर आज डब्यात काय होतं ते सांग. तुझा आवाज तिनं पोटात असल्यापासून ऐकलाय. त्या खोलीत तिच्या ओळखीचं तेवढंच आहे.

दूध दिवसातून आठ वेळा तरी काढ, त्यात एकदा रात्री. पहिले काही दिवस थेंबच येतील. ते चिकाचे थेंब फेकायचे नाहीत. नळीतून तेच तिच्या पोटात जाऊ देत. डॉक्टर हो म्हणाले, की कांगारू. बाळाच्या अंगावर लंगोट, टोपी, मोजे, एवढंच. उभी, छातीच्या मधोमध, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला. एकदा घेतलीस की तासभर तरी हलवू नकोस, उचल-ठेव तिला दमवते. तुझे टाके दुखतील तेव्हा जावईबापूंना बसव. बापाची छातीही तितकीच ऊबदार असते; लाजले तर माझं नाव सांग.

आज पाचवी. सासूबाईंना सटवाई पुजायची असेल तर घरी खुशाल पुजू देत. मध, घुटी, तेल मात्र वॉर्डाच्या दाराबाहेर, आणि याबाबत भीड धरू नकोस. बाराव्या दिवशी बारसं झालं नाही तर काही बिघडत नाही. पण तिसाव्या दिवसाच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. इतक्या लहान बाळांत वेळ चुकली तर दृष्टी जाऊ शकते. डॉक्टरांना आठवण कर.

आणि तुझं स्वतःचं. रडू येईल, येऊ दे. पण दोन आठवड्यांनंतरही मन असंच बधिर राहिलं, झोप उडाली, तर ते डॉक्टरांना सांग. त्यालाही औषध असतं, आणि त्यात कमीपणा नाही.

तिच्या पेटीवरची चिठ्ठी वाचलीस का? 'बेबी ऑफ', आणि पुढे तुझं नाव. तिला अजून स्वतःचं नाव नाही, ती तुझ्याच नावानं ओळखली जाते.

डब्याखाली जुना धुतलेला सुती पंचा आहे. आज रात्री तो आपल्या छातीशी ठेवून झोप. उद्या सिस्टरला विचारून तिच्या उशाशी ठेव. वासानंही ती तुला ओळखेल. काही वाटतंय का, हे सारखं तपासत बसू नकोस. दोन वाजता आत सोडतात. हात धू आणि जा.

तुझी,
मावशी