थंडी सोसेल, ओल सोसणार नाही

पोरी, मुंबईत महालक्ष्मीला तू घोडेस्वारी शिकतेस हे ऐकून जीव सुखावला. ज्येष्ठ संपत आला, पाऊस तोंडावर आहे, म्हणून चार गोष्टी तुझ्या कानावर घालतो. मुंबईत 1874 पासून 1905 पर्यंत ट्राम घोडे ओढत, आणि माझे आजोबा त्या घोड्यांच्या तबेल्यात मोतद्दार होते. त्यांच्याकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे आलेलं हे शहाणपण आहे.

पहिली गोष्ट मनात पक्की धर. घोडा थंडीला घाबरत नाही. लडाखची झंस्कारी घोडी बर्फाच्या मुलखात जगतात. थंडीत घोड्याचे केस उभे राहतात, त्यांच्यात हवा अडकते आणि तीच अंगाला ऊब देते. पण केस भिजून चिकटले की ती हवा गेली, ऊबही गेली. म्हणून आपल्याकडे घोड्याचा खरा कठीण काळ आषाढ-श्रावणाचा. शर्यतीचे घोडे मुंबईचा हंगाम आटोपून पावसाळ्यात पुण्याला धावतात. इथे मागे राहतात त्यांची काळजी आपणच घ्यायची.

आधी खूर, मग बाकीचं. तबेल्यात गेलीस की गळ्यात पडायच्या आधी चारही पाय उचलून बघ. तळव्याच्या मध्यावर त्रिकोणी मऊ भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत शेण आणि चिखल दडून बसतो. लोखंडी हुक टाचेकडून पुढे ओढत खाच साफ कर, मग नाक जवळ ने. निरोगी खुराला मातीचा वास येतो. कुजका वास आला, काळा चिकट स्राव दिसला, तर खूर सडायला लागलाय असं समज आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. औषध ते देतील, पण पायाखाली कोरडा भुसा नसेल तर औषध वाया जातं. नालबंदाची पाच-सहा आठवड्यांची पाळी पावसाळ्यात चुकवू नकोस. सैल नाल चिखलात निघून जातो आणि खुराची कडही सोबत नेतो.

पाय धुतलेस तर पुसायलाच हवेत. रोज नळीने पाय धुवायचे आणि तसेच ओले सोडायचे, याने खुराच्या वर मागच्या खळगीत खपल्या धरतात, कातडी फाटते, घोडा लंगडतो. एक तर चिखल सुकू दे आणि ब्रशने झाड, नाहीतर धू आणि फडक्याने अगदी केसांच्या मुळापर्यंत कोरडं कर. धरलेली खपली ओढून काढू नकोस. कोमट पाण्याने मऊ कर, मग ती आपणहून सुटते.

भिजून आलेल्या घोड्यावर लगेच झूल घालू नकोस. ओल्या अंगावर झूल म्हणजे आत वाफ कोंडणं. सुक्या गवताचा पीळदार बोळा कर आणि मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत जोर लावून चोळ. अंग तरीही दमट राहिलं तर आमच्या घरचा जुना उपाय कर. पाठीवर सुकं गवत जाडसर पसर, त्यावर सैल गोणपाट टाक. गवतातून हवा खेळते, ओल वर येऊन गोणपाटात उतरते आणि खाली पाठ सुकत जाते. थोड्या वेळाने गोणपाटाची वरची बाजू ओली लागेल. मग गवत झटक, हात फिरव, आणि पाठ कोरडी लागली तरच झूल चढव. घोडा गारठलाय का, हे कानाच्या मुळाशी आणि पुढच्या दोन पायांच्या मध्ये हात घालून कळतं.

चाऱ्याला नाक लावल्याशिवाय पुढ्यात टाकू नकोस. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं वाईट तिथेच राहतं आणि पोटशूळ उठतो. गवताची पेंडी उघडून आत हात घाल. आतून गरम लागली, धुरळा उडाला, कुबट वास आला, तर ती बाजूला काढ, पैशाचा विचार करू नकोस. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा-आठ किलो सुकं गवत तरी लागतं. पावसामुळे काम कमी झालं की धान्याची चंदी कमी कर, गवत मात्र कमी करू नकोस. मिठाचा खडा कायम टांगलेला असू दे, कारण दमट हवेत घाम सुकत नाही, पण वाहत राहतो.

माशीला हलकं समजू नकोस. पावसाळ्यात रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या सर्रा नावाचा रोग पसरवतात. ताप येतो-जातो, पोटाखाली सूज उतरते, घोडा खाऊनही खंगतो. शेण लांब टाक, पाणी साचू देऊ नकोस. धनुर्वाताची लस पावसाच्या आधीच टोचून घे. चिखलातला एक खिळा पुरे होतो.

स्वारी करताना. तापलेल्या रस्त्यावर पहिली सर पडली की तेल वर येतं आणि त्यावर लोखंडी नाल घसरतो. डांबरावर फक्त चाल, दौड वाळूच्या ट्रॅकवरच. साचलेल्या पाण्यात घोडा घालू नकोस, खालचा खड्डा तुला दिसत नाही आणि त्यालाही दिसत नाही. दहा मिनिटं चालवल्यावर खोगिराचा तंग पुन्हा तपास. ओलं चामडं ताणलं जातं आणि सैल झालेला तंग कातडी सोलतो. परतीची शेवटची दहा मिनिटं लगाम सैल सोडून चालत आण. खोगीर सावलीत वाळव, उन्हात चामडं तडकतं. बुरशी धरली तर आधी पुसून काढ, मग तेलाचा हात फिरव.

कधी थंड मुलखात गेलीस तर. मार्गशीर्षात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा भरते, तिथली पहाट हाडं गोठवते. तिथे धान्य वाढवू नकोस, गवत वाढव. गवत पोटात आंबताना जी ऊब देतं, ती रात्रभर पुरते. पाणी कोमट करून दे. गार पाणी घोडा कमी पितो आणि कमी पाण्यावर सुकं गवत आतड्यात अडकतं. घामेजलेला घोडा वाऱ्यात उभा करू नकोस.

थांबायचं नाही अशी वेळ. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते, जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवून मोज. अंगाचं तापमान 101 फॅरनहाइटपर्यंत ठीक. घोडा वळून पोटाकडे बघतोय, लोळतोय, शेण टाकत नाही, कुशीला कान लावला तर आवाज नाही, आणि नाडी साठीच्या वर गेली, तर रात्र-पाऊस बघू नकोस, डॉक्टरांना बोलाव. परळला 1886 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जनावरांचं बाई साकरबाई रुग्णालयही परळलाच आहे. दोन्हींचे नंबर आजच लिहून ठेव.

आणि तुझ्या घोड्याच्या मोतद्दाराला काका म्हण, त्यांच्याशी रोज बोल. तू घोड्याला तासभर बघतेस, ते दिवसभर बघतात. काल किती खाल्लं, कुठला पाय उचलायला कुरकुरला, हे त्यांना विचार आणि मगच रिकिबीत पाय घाल.