टॅब बदलला नि पत्ता गेला

अगं, रात्री तुझा चिडलेला मेसेज वाचला. टेस्टिंगवाल्यांनी बग टाकलाय ना, 'पत्ता भरला, दुसऱ्या टॅबवर गेले, परत आले तर पत्ता गायब'? रडू नकोस. माझं हेच भर डेमोत झालं होतं. समोरच्या बाईंनी नॉमिनीचं नाव, नातं, जन्मतारीख एकेका बोटानं भरली, सहज शेजारचा टॅब बघून आल्या, तर सगळे रकाने कोरे! बोलल्या काहीच नाहीत. चष्मा पुसून पुन्हा लावला फक्त.

विकेट हे आपलं जावा वेब फ्रेमवर्क चुकत नाहीये गं. त्याच्या टॅब्डपॅनलमध्ये तुझ्या फॉर्मचे पाचही टॅब एकदम हजर नसतात. टॅबवर क्लिक केलं की त्या टॅबचं गेटपॅनल चालतं, नवा पॅनल तयार होतो आणि जुन्याच्या जागी बसतो. टॅबचं बटण म्हणजे साधी लिंक, ती फॉर्म सबमिट करतच नाही. मग पत्ता सर्व्हरवर पोचणार कसा? एजॅक्सवाला टॅब्डपॅनल घेतलास तरी तेच, फक्त पान लुकलुकत नाही.

आधी एक बारकी गोष्ट. गेटपॅनलला जो आयडी मिळतो, तोच पॅनलला द्यायचा. स्वतःचं गोंडस नाव दिलंस की थेट एक्सेप्शन.

आता उपाय. अख्खा टॅब्डपॅनल एकाच फॉर्मच्या आत ठेव. न्यूलिंक ओव्हरराइड करून तिथून सबमिटलिंक परत दे आणि तिच्या ऑनसबमिटमध्ये सेटसिलेक्टेडटॅब बोलव. पिनकोड चुकला असेल तर टॅब बदलणारच नाही. काहींना हा जाच वाटतो, मला नाही वाटत. पण जो टॅब उघडलाच नाही, त्याची तपासणी होत नाही, कारण त्याचे रकाने त्या वेळी पानावर नसतातच. म्हणून शेवटच्या 'जतन करा'ला सगळं पुन्हा तपास. इथे मी दोनदा आपटलेय.

आणि भरलेलं ठेवायचं कुठे? साध्या, सिरियलायझेबल ऑब्जेक्टमध्ये, पाचही टॅबांना एकच. लोडेबलडिटॅचेबलमॉडेल इथे नको. ते रिक्वेस्ट संपली की हातातलं सोडून देतं आणि पुढच्या वेळी डेटाबेसातलं जुनंच आणतं. नुसतं दाखवायचं असेल तिथे मात्र तेच वापर. नाहीतर टॅबच्या अनामिक क्लासला चिकटून अख्खी एंटिटी पानासोबत सिरियलाइझ होत राहते.

पॅनलकॅशिंगटॅबचा मोह होईल तुला. पॅनल तोच परत मिळतो खरा, पण सबमिट न झालेलं त्यातही नसतंच.

बाकी तो पाचवा टॅब, 'इतर माहिती'. दोनच रकाने आहेत ना त्यात? पहिल्यात हलव बघू आधी.