मायावरणाचा पाठ वर्गाबाहेर

नागपूरच्या वेशीवर गोरेवाड्याचे जंगल आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर पेंचचे सागवनी अरण्य पसरले आहे. १९७५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान व १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. या परिसरातील बालकांना प्राण्यांचे मायावरण, म्हणजे सभोवतालाशी रंगरूपाने एकरूप होऊन लपण्याची शक्ती, शिकविण्यासाठी दूरच्या उदाहरणांची गरज नाही.

परिसरातील उदाहरणे

टिटवी घरटे बांधीत नाही. उघड्या माळावर किंवा नदीच्या पात्रात उथळ खळगा करून ती बहुधा चार अंडी घालते. मळकट रंगावर काळे ठिपके असलेली ही अंडी खड्यांत सहसा ओळखू येत नाहीत. रातवा हा पक्षी दिवसा पाचोळ्यावर निश्चल बसतो; पाऊल अगदी जवळ येईपर्यंत तो हलत नाही. वाघाचा तांबूस रंग माणसाला उठून दिसतो. परंतु हरणाच्या डोळ्यांना तांबडा व हिरवा यांतील भेद कळत नाही. त्यामुळे पट्ट्यांचा वाघ त्याला गवताच्या सावलीसारखाच भासतो.

येथे एक गैरसमज दूर करावा. सरडा पाहिजे तो रंग धारण करतो, असे मुलांना सांगितले जाते. वस्तुतः त्याच्या रंगबदलास मुख्यतः उष्णता, प्रकाश, भीती व राग ही कारणे असतात.

एक सोपा खेळ

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी लोकरीचे हिरवे, तपकिरी व लाल असे प्रत्येकी वीस तुकडे घ्यावेत. ते हिरवळीवर विखरून मुलांना ‘पक्षी’ होऊन एका मिनिटात वेचण्यास सांगावे. प्रत्येक रंगाचे किती तुकडे सापडले ते फळ्यावर मांडावे. नंतर हाच खेळ वाळलेल्या पाचोळ्यावर घ्यावा. हिरवळीवर लपलेला हिरवा तुकडा पाचोळ्यावर उघडा पडतो, हे मुलांच्या स्वतःच्याच ध्यानी येते. प्रत्यक्ष अंडी वा पिले आढळल्यास ती दुरूनच पाहावीत. हात लावू नये.

पाठाचे तात्पर्य

रंग प्राण्याचे रक्षण करतो, तो त्याच्या स्वतःच्या परिसरातच. परिसर बदलला की तोच रंग वैरी ठरतो. विदर्भात मोहफुले वेचण्याच्या सोयीसाठी झाडाखालील पाचोळा पेटविण्याची रीत आहे. नेमक्या उन्हाळ्याच्या दिवसांत रातवा जमिनीवर अंडी घालतो. आगीतून अंडी वाचली, तरी काळ्या राखेवर ती लपत नाहीत; शिवाय असा जाळ पसरून वणवा लागतो. पाचोळा झाडून बाजूस सारून किंवा झाडाखाली जाळी अंथरूनही फुले गोळा करता येतात. हा विचार ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत मांडावा. लोकरीचे तुकडे वेचणाऱ्या बालकाला जे उमगते, ते घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंत पोहोचले, तरच हा पाठ पूर्ण झाला असे म्हणता येईल.