'व' की 'किंवा'? इफ्ताहाचा नवस
शिक्षक-पालक मित्रांनो, 'इफ्ताहाने खरंच स्वतःच्या मुलीचा बळी दिला का?' असं मुलांनी विचारलं तर उत्तर टाळू नका. बायबलमध्ये शास्ते, अध्याय ११ उघडा. त्याचा नवस असा : जिंकून आलो तर घरातून जे प्रथम सामोरं येईल ते परमेश्वराचं होईल व मी त्याचं होमार्पण करीन. सामोरी आली एकुलती एक लेक!

मूळ हिब्रूत 'वाव' अक्षर आहे (आपल्या 'व'सारखंच, गंमतच!). मध्ययुगीन यहुदी भाष्यकार दावीद किम्हींनी ते 'किंवा' असं वाचलं. म्हणजे मुलगी मारली नाही, आजन्म अविवाहित राहिली. अनेक ख्रिस्ती अभ्यासकांना हे पटलं, कारण इब्री लोकांस पत्रात इफ्ताह विश्वासवीरांमध्ये आहे. संत अँब्रोज मात्र बळी दिलाच असं मानतात. नवसच चुकीचा, म्हणतात. मलाही तेच सरळ वाचन वाटतं.

त्या मुलीचं नाव बायबलमध्ये नाही. का, ते मुलांनाच विचारा.