शांत राहायचं की बोलायचं?

प्रश्न : मी रोज ध्यानाला बसतो. आमच्या कारखान्यात कंत्राटी कामगारांना ओव्हरटाइमचे पैसे देत नाहीत. बोलावंसं वाटतं, पण तो माझा अहंकार तर नाही?

उत्तर : शंका प्रामाणिक आहे. पण आधी मनाला विचारा, गप्प राहून तुम्ही शांती जपताय की नोकरी?

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर दलित सत्याग्रहींवर जमावाने हल्ला केला. कित्येक जण जखमी झाले. उलट वार करायला हात शिवशिवत होते. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांना आवरलं. तळ्यावरचा हक्क मात्र सोडला नाही. खटला जवळजवळ दहा वर्षं चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ते जिंकले. सूड सोडला, हक्क नाही. तुमच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. कामगारांना विश्वासात घ्या, तारखा आणि तास लिहून ठेवा, अर्ज त्यांच्याच सह्यांनी जाऊ द्या. पैसे मिळाले आणि तुमचं नाव कुणी घेतलं नाही, तर पोटात दुखेल का? दुखलं, तर त्या रात्री ध्यानाला जरा जास्त वेळ बसा. अर्ज मात्र थांबवू नका.